रेंडर ‘प्लास्टिक’ का दिसतं? आर्किटेक्चरल व्हिज्युअलायझेशनकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही पुण्यात बी.आर्क.च्या तिसऱ्या वर्षाला आहात, स्टुडिओपेक्षा ब्लेंडर (थ्रीडी सॉफ्टवेअर) आणि पायथन (प्रोग्रॅमिंगची भाषा) यांत जास्त रमता, आणि पुढे आर्किटेक्चरल व्हिज्युअलायझेशनच, म्हणजे न बांधलेल्या इमारतींची खरी वाटणारी चित्रं कम्प्युटरवर काढण्याचंच काम करावं असं वाटतंय. मग डिग्री पूर्ण करावी का, कोणतं सॉफ्टवेअर धरावं, कसला कम्प्युटर घ्यावा, आणि इतकं करूनही रेंडर, म्हणजे मॉडेलवरून कम्प्युटरने काढलेलं चित्र, प्लास्टिकसारखं का दिसतं? शेवटचा प्रश्न तुम्ही जाता जाता विचारलाय. पण बाकीच्या तिन्हींची उत्तरं त्याच्याच पोटात आहेत, म्हणून आधी तो घेतो.

रेंडर खोटं दिसलं की नवशिका सेटिंग्ज चाळायला लागतो. सॅम्पल (दर पिक्सेलमागे तपासलेले किरण) वाढव, बाउन्स (प्रकाशाचं आपटणं) वाढव, दुसऱ्याच रेंडररमध्ये (चित्र काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) टाकून बघ. दोष बहुधा तिथे नसतो. तो एकतर इमारतीच्या माहितीत असतो, नाहीतर ती माहिती कम्प्युटरला सांगण्याच्या पद्धतीत. यातला कुठला, हे ओळखता येणं म्हणजेच हा पेशा.

सूर्यापासून बघू, कारण सगळ्यात जास्त फाइली तिथेच फसतात. स्केचअप या मॉडेलिंग सॉफ्टवेअरमध्ये ठिकाण नेमलं नाही तर मॉडेल अमेरिकेतल्या बोल्डर शहरात, ४० अंश अक्षांशावर उभं असतं. पुणे साडेअठरा अंशांवर आहे. मार्चमधल्या विषुवदिनाला भर दुपारी बोल्डरचा सूर्य ५० अंशांपर्यंत चढतो, पुण्याचा साडेएकाहत्तरपर्यंत. आता दक्षिणेच्या खिडकीवर ६०० मिमीचा छज्जा आहे असं धरा. त्याची सावली किती खाली उतरते? छज्ज्याची खोली गुणिले सूर्याच्या उंचीच्या कोनाचा टॅन (त्रिकोणमितीतलं गुणोत्तर). पुण्यात मार्चमध्ये सुमारे १७९० मिमी, म्हणजे १२०० मिमी उंचीची अख्खी खिडकी सावलीत. २१ डिसेंबरला सूर्य ४८ अंशांवर असतो, सावली ६७० मिमीच्या आसपास येते आणि खिडकीच्या खालच्या पाचशे-सवापाचशे मिलिमीटरांतून ऊन आत शिरतं. बोल्डरवरच राहिलेल्या फाइलमध्ये मार्चची सावली ७१५ मिमीवरच थांबते आणि हॉलमध्ये असा उन्हाचा पट्टा पडतो, जो त्या फ्लॅटमध्ये मार्चच्या दुपारी कधीच पडणार नाही. बघणाऱ्याला टॅन ठाऊक नसतो. पण जो या गावात वाढलाय त्याला काहीतरी चुकतंय हे जाणवतं, नेमकं काय ते सांगता येत नाही एवढंच.

घड्याळाचंही तसंच. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची, पुणे ७३.८५ अंशांवर. एका अंशाला चार मिनिटं या हिशेबाने पुण्याची खरी मध्यान्ह सरासरीने १२:३५ ला होते. सॉफ्टवेअरच्या सन सिस्टीममध्ये (सूर्याच्या सेटिंगमध्ये) टाइम झोन +५:३० आहे आणि डेलाइट सेव्हिंग बंद आहे, एवढं दर नव्या फाइलमध्ये तपासा. मे महिन्याच्या मध्याला सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि तिथून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेकडे कललेला असतो. म्हणून जूनच्या रेंडरमध्ये उत्तरेच्या भिंतीला दुपारी घासून जाणारं ऊन दिसलं तर ते खोडू नका, ते बरोबर आहे. संध्याकाळी पश्चिमेच्या बाल्कनीचा व्ह्यू काढताना लक्षात ठेवा की डिसेंबरात सूर्य पश्चिमेच्या सुमारे २५ अंश दक्षिणेला मावळतो आणि जूनमध्ये तेवढाच उत्तरेला. आणि पश्चिमेच्या हॉलमध्ये ‘सकाळचं कोवळं ऊन’ हवं असा आग्रह कोणी धरलाच, तर नॉर्थचा बाण फिरवू नका. वेळ बदलून संध्याकाळचं ऊन द्या, तेही छान दिसतं.

आता कम्प्युटरच्या बाजूचं उदाहरण, हे मात्र कॉलेजात सहसा कोणी सांगत नाही. सर्व्हेअरने डीजीपीएसने (जास्त अचूक जीपीएसने) केलेलं साइटचं ड्रॉइंग बऱ्याचदा यूटीएम सहनिर्देशांकांत, म्हणजे पृथ्वीवरची जागा मीटरमध्ये सांगणाऱ्या आकड्यांत, येतं. पुण्यासाठी त्यातला उत्तरेचा आकडा वीस लाख मीटरच्या पुढे असतो. ऑटोकॅड (ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर) हे आकडे ६४-बिटमध्ये ठेवतं, त्यामुळे तिथे सगळं झकास दिसतं. ब्लेंडर आणि थ्रीडीएस मॅक्स मात्र मॉडेलचे बिंदू ३२-बिट फ्लोटमध्ये, म्हणजे कमी अचूक दशांश आकड्यांत, ठेवतात. अशा फ्लोटला २४ बिटांची अचूकता असते, आणि वीस लाखांच्या घरात दोन लगतच्या आकड्यांमधलं अंतर ०.१२५ मीटर होतं, म्हणजे साडेबारा सेंटिमीटर. २३० मिमीची भिंत मग एकतर २५० ची होते नाहीतर १२५ ची. वर्तुळाकार जिन्याच्या कडा करवतीसारख्या होतात, जवळजवळचे पृष्ठभाग लुकलुकतात, बुलियन (एका आकारातून दुसरा कापणं) फसतं. विद्यार्थी दोन दिवस मेश (मॉडेलची जाळी) दुरुस्त करत बसतो. मेशमध्ये काहीच बिघडलेलं नसतं.

उपाय दहा मिनिटांचा आहे. ऑटोकॅडमध्येच प्लॉटचा एक कोपरा बेस पॉइंट धरून सगळं ०,० वर आणा आणि वजा केलेले दोन आकडे एका टेक्स्ट फाइलमध्ये लिहून प्रोजेक्टच्या फोल्डरात ठेवा. लँडस्केपवाल्याची किंवा रस्त्याची फाइल नंतर आली की तेच आकडे वजा करायचे. उंचीकडेही बघा. पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे कंटूरच्या (समान उंचीच्या) रेषा त्या उंचीवर आणि प्लॉटची हद्द शून्यावर असा घोळ नेहमी असतो. वरून बघितलं तर दोन्ही एकत्र, बाजूने बघितलं तर मध्ये अर्धा किलोमीटर हवा.

एककांची चूक याहून साधी आणि जास्त महागात पडणारी. इंच आणि मिलिमीटर यांच्या गोंधळात मॉडेल २५.४ पट मोठं झालं, तर लुमेनमध्ये दिलेल्या दिव्याचा प्रकाश भिंतीवर पोचेपर्यंत ६४५ पट कमी होतो, कारण प्रकाश अंतराच्या वर्गाने घटतो. मग मुलगा दिव्याची ताकद हजारपट करतो आणि पुढच्या फाइलमध्ये तेच दिवे आणले की सगळं पांढरंफटक. इंपोर्ट झाल्या झाल्या तीन गोष्टी मोजा: बाहेरची भिंत, २१०० मिमीचा दरवाजा, ओट्याची उंची. ओटा ८५०-९०० मिमीच्या आसपास आला तर पुढे चला.

आता प्लास्टिकपणाकडे. यात पहिला गुन्हेगार पांढरा रंग. भिंत पांढरी म्हणून आरजीबी (लाल-हिरवा-निळा) २५५, म्हणजे कमाल, दिला, तर तुम्ही कम्प्युटरला सांगितलंत की ही भिंत पडलेला सगळा प्रकाश परत फेकते. चांगला पांढरा डिस्टेंपर साधारण ८० टक्के परत पाठवतो. पाच वेळा आपटल्यावर ०.८ चे ०.३३ उरतात, ०.९५ चे ०.७७, आणि २५५ म्हणजे १ चा १च. त्यामुळे खोलीचे कोपरे उजळतात, सावली मरते, आणि फर्निचर तरंगल्यासारखं दिसतं. एसआरजीबीमध्ये (पडद्यावरच्या रंगांच्या नेहमीच्या मोजपट्टीत) २३० दिलं की रेषीय मूल्य, म्हणजे प्रकाशाचं खरं प्रमाण, ०.७९ येतं. पांढऱ्याला तिथेच थांबवा. काळ्यालाही शून्यावर नेऊ नका.

दुसरा गुन्हेगार रफनेसचा, म्हणजे पृष्ठभागाच्या खडबडीतपणाचा, मॅप. तो चित्र नसून आकड्यांची तालिका आहे, म्हणून तो नॉन-कलर (रंग नसलेली माहिती) म्हणूनच वाचला गेला पाहिजे. चुकून एसआरजीबी राहिला तर मधले आकडे खाली घसरतात आणि सगळं जास्त चकचकीत होतं, म्हणजे अगदी प्लास्टिक. उंचसखलपणाचा भास देणाऱ्या नॉर्मल मॅपलाही हाच नियम. शिवाय त्याच्या हिरव्या चॅनलची दिशा डायरेक्टएक्स आणि ओपनजीएल या ग्राफिक्सच्या दोन पद्धतींत उलटी असते. विटांचे सांधे खोल जाण्याऐवजी बाहेर आल्यासारखे वाटले तर तो चॅनल उलटा करून बघा.

तिसरं कारण डोळ्याचं आहे, कम्प्युटरचं नाही. कुठल्याही नव्या फ्लॅटमध्ये जा आणि खिडकीसमोर उकिडवे बसून व्हिट्रिफाइड फरशीतलं खिडकीचं प्रतिबिंब बघा. ते सलग नसतं. प्रत्येक फरशीवर जरा मोडतं, किंचित सरकतं, कारण मिस्त्रीने लावलेल्या दोन फरश्या कधीच तंतोतंत एका पातळीत नसतात. रेंडरमध्ये मात्र अख्ख्या हॉलची जमीन एकच प्लेन असते आणि त्यात आरसा दिसतो. ६०० बाय ६०० च्या फरश्या खऱ्या तुकड्यांनी करा, मध्ये २ मिमीचा सांधा ठेवा, प्रत्येक तुकड्याला अर्ध्या अंशाहूनही कमी असा यादृच्छिक कल द्या. हजार फरश्या हाताने कोण कलवणार? पायथनच्या दहा ओळी किंवा ब्लेंडरमधले जॉमेट्री नोड्स (नियमांनी आकार घडवणारी सोय). कल द्यायला हवा हे डोळ्याने सांगितलं आणि तो दिला कोडने, तुम्ही ज्याला डिझाइन आणि कम्प्युटिंगचा मेळ म्हणता तो हाच. फर्निचरच्या आणि ओट्याच्या कडांना २-३ मिमीचा बेव्हल (मारलेली कड) हवाच. जगात धारदार शून्य त्रिज्येची कड नसते, आणि कडेवरची ती बारीक चमकती रेघ नसली की लाकूड कागदाचं वाटतं.

झाडांबद्दल थोडंसं. कोथरूडच्या रस्त्यावर मेपल लावू नका. पर्जन्यवृक्ष, गुलमोहर, कडुनिंब, पिंपळ यांची चार-पाच चांगली मॉडेल्स जमवा किंवा करून घ्या, आणि गुलमोहर फुललेला दाखवायचा असेल तर सूर्यही एप्रिल-मे-जूनचाच ठेवा.

नॉइजबद्दल, म्हणजे रेंडरमधल्या दाणेदार ठिपक्यांबद्दल, एवढं समजून घ्या की तो सॅम्पलच्या वर्गमुळाने कमी होतो. निम्मा करायचा तर सॅम्पल चौपट, म्हणजे वेळही चौपट. म्हणून सॅम्पल वाढवण्याआधी नॉइज कुठून येतोय ते शोधा. बऱ्याचदा खिडकीची काच प्रकाश अडवत असते, किंवा एखादा इवलासा दिवा काचेच्या झुंबरात कोंडलेला असतो. ते ठिपके पुसणारा डीनॉइझर वापराच, पण फार कमी सॅम्पलवर लावला तर तो विटांचा पोत मेणासारखा पुसतो, आणि वॉकथ्रूमध्ये (इमारतीतून फिरवणाऱ्या फिल्ममध्ये) दर फ्रेमला वेगळं पुसल्यामुळे भिंत वळवळते.

आता काय शिकावं याकडे. पूर्ण कम्प्युटर सायन्स लागत नाही. व्हेक्टर आणि मॅट्रिक्स, प्रकाशाचं रेषीय आणि गॅमाचं गणित, पायथन, आणि शेडर (पृष्ठभाग कसा दिसेल ते ठरवणारा कोड) वाचता येण्याइतपत समज एवढं पुरतं. जेम्स काजियाने १९८६ साली मांडलेलं रेंडरिंग समीकरण एकदा कागदावर सोडवायला बसा. व्ही-रे, कोरोना, सायकल्स हे सगळे रेंडरर त्याचंच उत्तर वेगवेगळ्या युक्त्यांनी काढतात, आणि ते एकदा कळलं की सॉफ्टवेअर बदलण्याची भीती जाते. पायथनचा उपयोग रोजच्या कंटाळवाण्या कामात करा: हरवलेली टेक्स्चर्स शोधणं, सोळा कॅमेरे रात्रभर ओळीने रेंडर करणं, फ्लॅटच्या प्रकारांची एक्सेल वाचून प्रत्येकाचं फर्निचर लावणं. रिअल टाइमकडे, म्हणजे फिरता फिरता तयार होणाऱ्या चित्राकडे, ओढा असेल तर अनरियल (गेम इंजिन) शिका, पण तिथलं चलन वेगळं. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एका चित्राला १६.७ मिलिसेकंद, ९० हर्ट्झच्या व्हीआर हेडसेटसाठी ११.१. तिथे चित्र किती सुंदर आहे यापेक्षा ते तेवढ्या वेळात बसतं का हे आधी विचारलं जातं.

सराव दोन करा, त्यांना कंटाळू नका. पहिला, स्वतःची खोली. टेपने मोजा, मोबाइलने प्रो मोडमध्ये एक फोटो काढा, वेळ लिहून ठेवा, आणि त्याच जागेवरून तेच रेंडर करा. मोबाइलची फोकल लेंग्थ ३५ मिमीच्या तुलनेत दिलेली असते, उदाहरणार्थ २४ मिमी, पण ती बहुधा कर्णावरून काढलेली असते. ४:३ च्या फोटोला ब्लेंडरमध्ये सेन्सरची रुंदी ३६ ठेवलीत तर छताचा कोपरा काही केल्या जुळत नाही. तिथे ३४.६ टाका. फोटो आणि रेंडर शेजारी ठेवले की शिकवणीची गरज उरत नाही. दाराच्या वरची भिंत फोटोत गडद आणि तुमच्याकडे उजळ का, याचं कारण शोधेपर्यंत उठू नका.

दुसरा सराव पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या इमारतीचा. आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांनी तिथे काळ्यावर काळं रचलंय: काळ्या बेसॉल्टच्या भिंती, वर त्याहून काळा कडाप्पा, आणि त्यावर घोटलेला काळा ग्रॅनाइट, ज्यात आकाश दिसतं. तिन्हींचा मूळ रंग जवळजवळ सारखाच आहे. फरक पाडतो तो पृष्ठभागाचा खडबडीतपणा आणि त्यात काय प्रतिबिंबित होतं ते. नुसता रंग बदलून हे जमवायला गेलात तर तीन राखाडी पट्टे मिळतात. रफनेसने गेलात तर तीन दगड मिळतात. आतलं जे बघायला परवानगी लागते ती रीतसर काढा, आणि ढगाळ दिवशी एकदा, उन्हात एकदा जाऊन या.

डिग्रीचं उत्तर आता सोपं आहे: पूर्ण करा. व्हिज्युअलायझर व्हायला कुठलंही लायसन्स लागत नाही, इंटिरियरचा डिप्लोमा किंवा फाइन आर्ट्स करून उत्तम काम करणारे पुष्कळ आहेत. पण आर्किटेक्ट्स अॅक्ट १९७२ च्या कलम ३७ नुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असल्याशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही, आणि तीन वर्षं घालवल्यावर तो हक्क सोडणं शहाणपणाचं नाही. त्याहून मोठं कारण असं की सेक्शन (इमारतीचा उभा छेद) वाचता येणारा व्हिज्युअलायझर प्लॅनमधली चूक रेंडरच्या आधी पकडतो. प्रॅक्टिकल ट्रेनिंगला मात्र थ्रीडीच्या स्टुडिओत जाऊ नका. वर्किंग ड्रॉइंग काढणाऱ्या, साइटवर पाठवणाऱ्या ऑफिसात जा. रेंडर रात्री घरी शिकता येतं, बीमखाली डक्ट कसा जातो ते घरी शिकता येत नाही.

सॉफ्टवेअरवर वाद घालण्यात अर्थ नाही. तुम्हाला ब्लेंडर येतंच, ते फुकट आहे, त्यात सायकल्स आहे, तेच पक्कं करा. पण ज्या ऑफिसात जाल तिथे थ्रीडीएस मॅक्समध्ये कोरोना किंवा व्ही-रे असण्याची शक्यता मोठी, तेव्हा त्याची ओळख ठेवा. घाईच्या कामाला एन्स्केप किंवा डी५ हे झटपट रेंडरर.

मशीन घेताना आधी ठरवा की रेंडर कशावर होणार. कोरोना फक्त सीपीयूवर (मुख्य प्रोसेसरवर) चालतो, तिथे जास्त कोर आणि ६४ जीबी रॅम. सायकल्स जीपीयूवर (ग्राफिक्स कार्डवर) चालवणार असाल तर व्हीरॅम (त्या कार्डची मेमरी) बघा, १२ जीबीच्या खाली नको, १६ बरी. कारण साधं आहे: ८के चा (८१९२ पिक्सेल रुंद) एक टेक्स्चर उलगडल्यावर २५६ एमबी खातो, एका मटेरियलला असे चार मॅप म्हणजे एक जीबी गेला. मागच्या उशीला ८के कशाला? १के द्या. लॅपटॉपवर रात्रभर रेंडर लावण्याचा बेत असेल तर एप्रिलमध्ये तो तापून निम्म्या वेगावर येणार हे गृहीत धरा.

धंद्याच्या अंगाने दोन गोष्टी आधीच ठाऊक असाव्यात. बिल्डरच्या ब्रोशरसाठी केलेलं चित्र ही जाहिरात असते, आणि रेरा (स्थावर मालमत्ता) कायदा २०१६ च्या कलम १२ नुसार खोट्या जाहिरातीवर विसंबून पैसे भरणाऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई प्रवर्तकाकडून, म्हणजे बिल्डरकडून, मागता येते. म्हणून मंजूर नकाशात नसलेला स्विमिंग पूल, शेजारची इमारत गायब करून दाखवलेली टेकडी, लहान केलेला बेड, हे करायला सांगितलं तर लेखी सूचना मागा. बहुतेक वेळा सूचना येतच नाही. एआयने काढलेली चित्रं मूड ठरवायला उपयोगी आहेत, पण ती खिडक्यांची संख्या आपल्या मनाने बदलतात, तेव्हा ब्रोशरमध्ये ती तशीच जाऊ देऊ नका.

दुसरी गोष्ट रिव्हिजनची. कोटेशनमध्ये व्ह्यू किती, दुरुस्तीच्या फेऱ्या किती, आणि कुठला प्लॅन गोठवलेला धरलाय त्याची तारीख, हे तिन्ही लिहा. ‘हा लाइट जरा कमी करा’ हे वाक्य येणारच, त्यासाठी दिव्यांचे गट वेगळे रेंडर करून ठेवा म्हणजे पुन्हा रेंडर न करता फिरवता येतात. ए३ प्रिंटला ३०० डीपीआयने ४९६१ बाय ३५०८ पिक्सेल लागतात. ४० बाय २० फुटांच्या होर्डिंगला तो हिशेब लावू नका, ते लांबून बघतात, २० डीपीआयने ९६०० बाय ४८०० पुरतं.

वॉकथ्रूचा हिशेब ग्राहकासमोर कागदावर मांडा. एक मिनिट, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे १५०० फ्रेम. एकेकीला चार मिनिटं धरली तर १०० तास, चार दिवस आणि वर चार तास. शुक्रवारी प्लॅन बदलून सोमवारी फिल्म मागणाऱ्याला हा आकडा समजतो. आणि फिल्म कधीही थेट व्हिडिओ फाइलमध्ये रेंडर करू नका, एकेक फ्रेम ईएक्सआर किंवा पीएनजी या चित्र-फाइलींमध्ये साठवा. वीज जाते तेव्हा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो आणि ग्राफिक्स कार्ड पूर्ण जोरात असताना मशीन त्याच्या पुढे ओढत असतं, त्यामुळे ते बंद पडणारच. फ्रेमा सुट्या असतील तर ९०० झाल्यावर वीज गेली तरी ९०१ पासून सुरू करता येतं. शेवटची फ्रेम तेवढी उघडून बघा, ती अर्धवट लिहिलेली असू शकते.